टिळेकरांची प्लायवूडची पेटी

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनला आमच्या वसाहतीत लोकांच्या दारामागे छत्र्या असतात. टिळेकरांच्या दारामागे प्लायवूडची एक उघडी पेटी आहे. स्वस्तातल्या विमानात सीटखाली जेवढी बॅग चालते, बरोबर तेवढ्या मापाची, असं त्यांचं म्हणणं. वीकेंडला बाल्कन देशांत फिरायला निघालेल्या माणसानं आधी आपली बॅग त्या पेटीत उतरवून दाखवायची, हा आमचा रिवाज. इथल्या मराठी माणसाला आयरिश पासपोर्ट मिळाला, म्हणजे युरोपात व्हिसाची कटकट संपली, की तो देवापुढे पेढे ठेवतो आणि तडक टिळेकरांकडे जातो.

टिळेकर औषधांच्या कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात आहेत. स्वतः बाल्कनात एकदाही गेलेले नाहीत, पण तिथल्या सोफिया शहराच्या विमानतळावर मेट्रो कुठे पकडायची हे सदाशिव पेठेतल्या बोळासारखं सांगतात. पॅरिसचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. "पॅरिसला पाकीट रिकामं होतं नि पोटही रिकामंच राहतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी आणि माझी बायको मेधा सोफियाला निघालो, तेव्हा आमचा शुक्रवार ते रविवार त्यांनी ताब्यातच घेतला. न्याहारीला बानित्सा खायची, म्हणजे चीज भरलेली खारीच समजा, की दुपारचं जेवण आपोआप टळतं. थर्मास रिकामा न्यायचा, कारण तिथे भर रस्त्यात गरम झऱ्याचे नळ आहेत. दशम्या न्यायच्या, पण चटणी कोरडी. एवढं सगळं ऐकून घेऊन आम्ही बॅग पेटीत ठेवली, आणि ती अडकली.

टिळेकरांनी फटीत बोटं घालून पाहिली. "अजून दोन बोटं. उद्या या."

मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी मेधानं आपला आवडता कोट बॅगेतून काढला, मी जास्तीचे बूट काढले, आणि बॅग बसली. परत चहा झाला, शिवाय पोहे झाले. पोह्यांवर खोबरं पेरता पेरता त्यांनी सांगितलं, की बायको सासूबाईंच्या आजारपणासाठी वर्षभर पुण्यातच आहे आणि मुलगी रुचा गॉलवेला शिकायला गेली आहे. रोज संध्याकाळी ते रुचाला फोन करतात. कशी आहेस विचारलं की ती "ग्रँड, बाबा" म्हणते, म्हणजे इथल्या बोलीत "मजेत". "आता ग्रँड म्हटल्यावर पुढे काय विचारणार?" टिळेकर म्हणाले, आणि आम्हाला आणखी पोहे वाढले.

विमानतळावरच्या मापाच्या चौकटीत आमची बॅग सरळ आत गेली आणि वर जागा उरली. बरोबर दोन बोटं. मेधाला घरी राहिलेला कोट आठवला आणि ती सोफियापर्यंत धुसफुसत होती. आल्यावर टिळेकरांच्या हातात मोजपट्टीच ठेवायची, असं तिनं ठरवून टाकलं.

मला मात्र कोडं पडलं होतं. केसभर फरक निघाला तर अख्खा माल परत पाठवणारा माणूस स्वतःच्या पेटीत दोन बोटं चुकेल कसा? रस्त्यातल्या नळावर मेधा थर्मास भरत होती, तेव्हा मी तिला तसं विचारलं.

"आपल्याला त्यांच्याकडे दोनदा जावं लागलं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच दोनदा जावं लागतं."

मला हसू आलं आणि वाईटही फार वाटलं. थर्मास भरून वाहायला लागला तरी आम्ही तिथेच उभे होतो.

परत आल्यावर आम्ही पेटीबद्दल चकार शब्द काढला नाही. बाल्कनातल्याच तिरानाची तिकिटं काढली, तीन. टिळेकरांनी खूप आढेवेढे घेतले. सुट्टी नाही, गुडघा दुखतो, शेवटी हवामानही पुढे केलं. मेधानं शांतपणे सांगितलं, की काका येणार नसतील तर आम्हाला पॅरिसला जावं लागेल. ते लगेच कबूल झाले.

निघायच्या दोन दिवस आधी आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांची बॅग भरून तयार होती. रिवाज म्हणजे रिवाज, म्हणून मी ती पेटीत ठेवायला लावली. अडकली. टिळेकरांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

मी फटीत बोटं घातली.

"अजून दोन बोटं," मी म्हणालो. "उद्या या. आमच्याकडे, जेवायलाच."