धोंड्याला निघालेली मोटार

अधिक महिना लागला आणि तिसऱ्याच दिवशी राणीसावरगावहून सासूबाईंचा फोन आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हा रिवाज. जावई एकसष्ट वर्षांचा आहे, त्याला साखरेची गोळी चालू आहे, असल्या किरकोळ गोष्टी रिवाज विचारात घेत नाही. सासू दगडाबाई स्वतः त्र्याऐंशीच्या होत्या, आणि त्यांच्या लेखी बन्सीधर अजून नवाच जावई होता.

"रविवारी येतो म्हणावं," बन्सीधर बाजूनं म्हणाला. "अन् मोटारीत येतो म्हणावं."

सुमनबाईंनी आईला पहिलं तेवढं सांगितलं, दुसरं गाळलं आणि फोन ठेवला.

"आतलं काम झालंय का?" त्यांनी विचारलं.

या एका प्रश्नापाशी बन्सीधरचं सुख नऊ वर्षं अडलं होतं. एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेल्या या माणसानं गंगाखेडच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या विलायती मोटारीचा सांगाडा आणला होता. आणला तेव्हा आत दोन कोंबड्या राहत होत्या. छप्पर गंजलं होतं, ते वीतभर कापून खाली बसवलं. इंजिन जुन्या टेम्पोचं, स्टिअरिंग जीपचं, रेडिएटर ट्रॅक्टरचा. मागची चाकं जाड, पुढची बारीक, आणि बॉनेट नाहीच, त्यामुळे इंजिन उघड्यावर. परदेशात लोक अशा मोटारी घरी बांधतात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. आपल्यासारखी डोकी तिकडंही आहेत, याचा त्याला फार आधार वाटे. कागदपत्रांचा विषय मात्र कुणी काढला की तो पाऊसपाण्याबद्दल बोलू लागे.

सोनपेठात तिला 'बन्सीचं विमान' म्हणत. आत ड्रायव्हरसाठी पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची होती आणि शेजारी भुशाचं पोतं. त्या पोत्यावर पोस्टमन बसला होता, शेजारचा शिवशंकर बसला होता, आठवडी बाजारातून येताना एकदा शेळीही बसली होती. बसल्या नव्हत्या त्या फक्त सुमनबाई. "आतून माणसाची झाली की बसते," एवढंच त्या म्हणत. आणि खरं सांगायचं तर बन्सीधरनं ती मोटार बांधली होती ती शेजारी सुमन बसावी म्हणूनच. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. मेकॅनिक लोकांना असलं बोलता येत नाही.

आतलं काम धम्मानंद कुशनवाल्याकडे होतं. सीटचे लोखंडी सांगाडे त्याच्या दुकानात आठ महिने पडून होते. धम्मानंद गोड माणूस. त्यानं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि कुणाला वेळेवर काही दिलंही नव्हतं.

"काका, सोमवारी," तो म्हणाला.

"कोणत्या सोमवारी?"

"येत्या."

"येता सोमवार मी आठ महिन्यापासून बगायलोय. मला रविवारी सासरवाडीला जायचंय. दे सांगाडे. मीच करतो."

धम्मानंदचा चेहरा पडला. वडिलांपासूनचा धंदा, पण गिऱ्हाईक स्वतः सीट भरायला निघालं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तरी त्यानं सांगाडे दिले, वर एक मोठी सुई दिली. "फोम उन्हानं बसतो, काका. कापूस भरा. पर सरकी काढून, पिंजून भरा."

कापूस शिवशंकरकडे होता. भाव येईल म्हणून त्यानं दिवाळीपासून माडीवर भरून ठेवला होता, आणि मे उजाडला तरी भाव आला नव्हता. बन्सीधरनं एक गाठोडं मागितलं, तर शिवशंकरनं चार दिली. पैसे घेतले नाहीत. गाठोडी स्वतः खाली आणून टाकली, आणि "आजूक लागला तर न्या, लाजू नका" असंही म्हणाला. एरवी विळी मागितली तर धार जाईल म्हणणारा माणूस इतका दिलदार का झाला, याचा बन्सीधरनं विचार करायला हवा होता. त्यानं फक्त आभार मानले.

पिंजायला वेळ नव्हता. शिवाय सरकी काढायची गरजच काय, असं त्याला वाटू लागलं. "सरकी म्हंजे बॉल बेअरिंग," त्यानं शिवशंकरला समजावलं. "माणूस बसला की वजन सगळीकडं सारखं फिरतंय." शेतकऱ्याच्या पोरानं हे ऐकून हसायला हवं होतं, पण चार गाठोडी परत यायची भीती होती, म्हणून शिवशंकर "बरूबर हाय" म्हणाला.

पाच दिवस बन्सीधर अंगणात वाकून होता. सरकीसकट कापूस ठासून भरला, वर तांबडं रेक्झिन ओढलं. दारांना आतून तेच रेक्झिन सोल्युशननं चिकटवलं. छताला मंडपवाल्याकडचं झालरीचं कापड ठोकलं, पिवळं, सोनेरी काठाचं. आणि सुमनला धूळ लागू नये म्हणून खिडक्यांना काचा बसवल्या, त्या हलू नयेत म्हणून कडेनं पक्क्या चिकटवून टाकल्या. शनिवारी संध्याकाळी त्यानं तिला दार उघडून दाखवलं.

सुमनबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लय लवकर झालं की," त्या म्हणाल्या.

"कामून? बरं न्हाई का?"

"बरं हाय. झालर चांगली हाय." आणि त्या आत जाऊन पिशवीत लिंबं भरू लागल्या. बन्सीधरला वाटलं, माहेरी न्यायला.

रविवारी सकाळी आठला विमान निघालं. बन्सीधरच्या शेजारी, नऊ वर्षांनी, सुमनबाई बसल्या होत्या, आणि ऊर भरून आल्यामुळे त्यानं पहिला गिअर दोनदा चुकवला. गल्ली बघायला जमली होती. शिवशंकरनं माडीवरून हात हलवला, दुसऱ्या हातानं तो मान खाजवत होता.

मे महिन्याचं ऊन, बंद काचा, ताजं रेक्झिन आणि सोल्युशनचा वास. सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. बन्सीधरनं कडेनं पाहिलं आणि त्यालाही गहिवरून आलं. नऊ वर्षांचं चीज झालं, असं त्याला वाटलं.

"काच जराशी खाली व्हती का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई व्हत. पक्की केलीय. धुळीचा कण यायचा न्हाई."

तीन किलोमीटरवर म्हसोबा आला. "थांबवा. पाया पडून येते," सुमनबाई म्हणाल्या आणि मोटार थांबायच्या आधीच दार उघडून निघाल्या. म्हसोबाच्या मागल्या अंगाला त्या बराच वेळ होत्या. पुढे मारुती आला, मग एक समाधी, मग एक नुसताच शेंदूर फासलेला दगड. प्रत्येकापाशी मोटार थांबली. जाताना लिंबू घेऊन जायच्या, येताना तोंड पुसत यायच्या. बायको इतकी देवभोळी आहे, हे बन्सीधरला लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी कळत होतं.

तोवर त्याचंही काही बरं चाललं नव्हतं. गंगाखेडच्या अलीकडे पाठीत कुठंतरी चुरचुरू लागलं. गंगाखेड मागे पडेपर्यंत खाज मांड्यांपर्यंत आली. तो एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं जमेल तिथं खाजवू लागला. बॉल बेअरिंगही ठिकठिकाणी टोचत होती. खड्डा आला की ती नव्या जागी टोचायची.

राणीसावरगावात मोटार शिरली तेव्हा एक उकडलेला जावई आणि एक हिरवी-पिवळी झालेली लेक, दोघंही विमानातून उतरली. मेहुणा पंडित धावत आला.

"दाजी, काय चीज बनवलीय."

गल्लीतली माणसं एकेक करून सीटवर बसून बघू लागली. उकडतंय म्हणून त्यांनी दोन्ही दारं सताड उघडली. बसलेला प्रत्येक जण थोड्या वेळानं खाजवत उठत होता, पण पाहुण्याची मोटार म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

आत जावयाला पाटावर बसवलं. दगडाबाई निरांजन घेऊन ओवाळायला आल्या, पण ओवाळायचा माणूस एका जागी राहीना. निरांजन उजवीकडे जाई, तेव्हा जावई डावी बगल खाजवत वाकलेला असे. कुंकू कपाळाऐवजी कानाला लागलं.

"बापू, काय व्हायलंय तुमाला?"

"काही न्हाई, उष्णता असल."

"उष्णता न्हाई ती. गोवर दिसायलाय," दगडाबाई म्हणाल्या. "पंडित, लिंबाचा पाला आण. अन् त्यांच्या पुढचं तूप काढा."

ताटात धोंडे वाफाळत होते. त्यावरचं तूप निघालं, मग दूध निघालं, मग गोवरात पुरण चालत नाही असं कुणीतरी म्हणालं आणि धोंडेही निघाले. जावयापुढे तेहेतीस अनारशांचं वाण आणि ताटात फक्त मीठ उरलं. बन्सीधर गोवर नसल्याचं शपथेवर सांगत होता, तेवढ्यात बाहेरून पंडितची हाक आली.

"दाजी, जरा बाहीर या. पर घाबरू नका."

गोवर नसल्याचं यानं आपोआप सिद्ध होणार होतं. दारात घरची चंद्री म्हैस उभी होती, म्हणजे तिचा मागचा अर्धा भाग उभा होता. पुढचा अर्धा मोटारीत होता. चार महिन्यांपूर्वी व्यायलेली म्हैस, सरकीचा वास तिला दहा पावलांवरून आला होता. रेक्झिनची शिवण नवशिक्या हाताची होती, ती पहिल्याच हिसक्याला उसवली. ड्रायव्हरची सीट तिनं संपवली होती आणि आता सुमनबाईंच्या सीटवर, अगदी निवांत, डोळे अर्धे मिटून ताव मारत होती.

तिला ओढून बाहेर काढायला तिघं लागले. तिच्या शिंगाला सोनेरी झालरीचा तुकडा होता.

पंडितनं उरलेला कापूस चिमटीत धरला. "दाजी, हा घरात साठवल्याला कापूस हाय. किडा झालाय ह्याच्यात. बंद जागी उकडलं की तो बाहीर निघतो अन् अंग फोडून काढतो. कुठून आणला?"

"शिवशंकरनं दिला. फुकट."

"फुकटच देणार की. त्याचं घर खाजवायलं असल."

बन्सीधर ओट्याच्या पायरीवर बसला. लोक चंद्रीच्या पोटाची काळजी करत होते, दगडाबाई तिला ओवा चारत होत्या, आणि तो रिकाम्या सांगाड्यांकडे बघत होता. त्याला रडू यायचंच बाकी होतं. सुमनबाई शेजारी येऊन बसल्या.

"झालं," तो म्हणाला. "आता तू काही परत बसायची न्हाईस. आतून माणसाची झाली ती एकच दिवस. तू शेजारी बसावी म्हणून तर केलं व्हतं समदं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. सुमनबाईंनी त्याच्या कानावरचं कुंकू पदरानं पुसलं.

"मला गाडी लागतीय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मोटार, एसटी, समदंच लागतंय. रेक्झिनचा वास आला की पोटात ढवळतं. त्या म्हसोबाच्या मागं मी पाया पडायलते व्हय? त्या देवांची माफीच मागितली पाहिजे आता."

"छत्तीस वर्षात बोलली न्हाईस?"

"डेपोतल्या मिस्तरीची बायको मी. घरात फुकट पास. एसटी लागती म्हणून कोणाला सांगू? अन् तुमी एवढ्या हौसेनं मोटार बांधायलात, तुमाला कसं सांगू? आतलं काम धम्मानंदभाऊकडं हाय म्हणून बिनघोर व्हते. वाटलं, ह्या जन्मात काही व्हत न्हाई."

बन्सीधर उठला, पंडितकडून पाना आणि सुरी घेतली आणि पक्क्या केलेल्या काचा कापून काढू लागला. काचा निघाल्या, दारांचं रेक्झिन निघालं. ते फाडताना त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. पंडितनं बाज विणायला आणलेली सुतळी काढली आणि दोन्ही सांगाड्यांवर बाजेसारखी विणली. "आडवी वढ, आडवी," दगडाबाई ओट्यावरून सांगत होत्या. वर त्यांनी घरची वाकळ अंथरली, धुतलेल्या लुगड्यांची, उन्हाचा वास असलेली. छताचं कापड काढायला बन्सीधर वळला, तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "झालर ऱ्हाऊ द्या. ती मला आवडली."

मग तुपासकट धोंडे झाले. चंद्रीला काही झालं नाही. उलट धारेला ती नेहमीपेक्षा लिटरभर जास्त उतरली, आणि पंडित "दाजी, आजूक एखादी सीट हाय का" असं विचारून गेला.

ऊन कलल्यावर विमान निघालं. चारी बाजूंनी वारा येत होता, झालर फडफडत होती, धूळही येत होती. सुमनबाई बाजेवर बसावं तशा मांडी घालून बसल्या होत्या आणि रस्त्याकडेची शेतं कुणाची, ते सांगत होत्या. म्हसोबा आला तसा बन्सीधरनं वेग कमी केला.

"पाया पडायचं न्हाई का?"

"इथूनच पडले. चला."

सोनपेठ दिसू लागलं तेव्हा बन्सीधरचा फोन वाजला. हात मोकळा नव्हता म्हणून सुमनबाईंनी उचलला. धम्मानंद होता, आणि आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. काकांनी स्वतः सीट भरली हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. मापं त्याच्याकडे होती. चार दिवस दुसरं काम घेतलं नव्हतं. एक नंबर फोम, एक नंबर रेक्झिन, दोन्ही सीटा तयार होत्या. आत्ता घरी आणून बसवतो, म्हणत होता.

सुमनबाईंनी बन्सीधरकडे पाहिलं. तो समोर बघून मोटार चालवत होता, आणि मिशीत हसत होता.

"भाऊ, एवढी गडबड कामून करायलात?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "निवांत द्या. सोमवारी."

"उद्याच्या का, काकू?"

"न्हाई भाऊ. तुमी देता, त्या."