एक झटका देऊन बघू

खात्रीशेठ चपला घालून दाराबाहेर पडला, परत आत आला, स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण चाचपलं आणि पुन्हा निघाला. बायको तिथेच चहा पीत बसली होती.

"मी घरातच आहे," ती म्हणाली. "चालू असता तर दिसला असता मला."

"आणि नसता दिसला तर?"

"तर वर भाजी असती. निघा आता."

खात्रीशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. यार्डातल्या लोकांनी ते ठेवलं आणि घरीसुद्धा रुळलं. तो ट्रेलर चालवायचा. पुढचं इंजिन आणि केबिन म्हणजे घोडा, मागे माल भरलेला लांबलचक ट्रेलर. दोघांना धरून ठेवणारी एकच मनगटाएवढी पिन. ट्रेलरच्या पोटाखालची ही पिन घोड्याच्या पाठीवरच्या गोल प्लेटमध्ये शिरते, जबडा तिला आवळतो, झालं. बाकीचे ड्रायव्हर 'खट्ट' ऐकलं की निघायचे. खात्रीशेठ खट्ट ऐकून खाली उतरायचा, बॅटरी घेऊन गाडीखाली शिरायचा, प्लेटीत फट नाही ना बघायचा, जबड्याचं हँडल आत गेलंय ना बघायचा. मग वर चढून ट्रेलरचे ब्रेक लावायचा आणि घोड्याला पुढे एक झटका द्यायचा. सुटायचं असेल तर यार्डातच सुटू दे, रस्त्यावर नको.

हे सगळं ठीकच, पण तो ते तीनदा करायचा. त्यामुळे रोज उशीर. परवा मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं, आता आणखी एकदा उशीर झाला की स्टिअरिंग सोडायचं आणि गेटवर खुर्ची टाकून बसायचं. त्याची गाडी मेव्हण्याला मिळणार. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोही तिथेच एक जुनी गाडी चालवायचा; यार्डात त्याला सुसाट म्हणत.

"गेटवर बसलात ना," बायको म्हणाली, "तर माझा भाऊ रोज हॉर्न वाजवणार आणि तुम्ही धावत जाऊन गेट उघडणार. मला ते बघायचं नाहीये."

खात्रीशेठलाही बघायचं नव्हतं. त्या उंच सीटवरून दिसणारा रस्ता सोडून गेटवरून दिसणारं गटार बघत म्हातारं व्हायचं नव्हतं. आज काय वाटेल ते होवो, वेळेत पोचायचं.

यार्डात दोन ट्रेलर शेजारी शेजारी उभे होते. दोघांवर निळी ताडपत्री. डावीकडच्यात खुर्च्या होत्या, गावातल्या नव्या हॉलसाठी. संध्याकाळी तिथे उद्घाटन होतं. उजवीकडच्यात काय होतं ते खात्रीशेठला माहीत नव्हतं. तो माल सुसाटने न्यायचा होता.

खात्रीशेठने डावीकडच्याखाली घोडा लावला. खट्ट झालं. बॅटरी मारून बघतो तर जबडा अर्धवट मिटलेला. प्लेटीवरचं ग्रीस वाळून त्यात खडी बसली होती.

"झालं का?" ऑफिसच्या खिडकीतून मॅनेजर ओरडला.

"साहेब, ग्रीस..."

"ग्रीस नंतर खा. हल आधी."

पण असल्या जोडणीने गाडी काढली तर तो खात्रीशेठ कसला. त्याने ट्रेलरचे पुढचे पाय, म्हणजे घोडा नसताना ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते टेकू, खाली सोडले, घोडा सहज सुटावा म्हणून पायांचं हँडल फिरवून ट्रेलर चांगला वीतभर वर उचलला आणि घोडा कोपऱ्यात नेला. रॉकेलने जबडा धुतला, खडी खरवडली, नवं ग्रीस फासलं. मग घाईघाईने रिव्हर्स घेत परत आला. आरशात त्याची नजर फक्त पिनेवर होती. पिन आली, प्लेट सरकली, खट्ट झालं. मधुर खट्ट. खाली शिरून बघितलं, फट नाही. जबडा गच्च. हवेचे पाइप जोडले, पाय वर घेतले, झटका दिला. ट्रेलर जागचा हलला नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याने एका झटक्यावर भागवलं आणि निघाला.

गेटवरच्या वॉचमनने ट्रेलरचा नंबर बघायचा असतो. त्याने खात्रीशेठचं तोंड बघितलं आणि गेट उघडलं. "तुम्ही निघालात म्हणजे सगळं बघितलेलंच असणार," तो म्हणाला. खात्रीशेठची कॉलर ताठ झाली.

हॉलवर तो वेळेआधी पोचला. हॉल सांभाळणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. "देव पावला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं पाहुण्यांना सतरंजीवर बसवायला लागतंय."

हमालांनी ताडपत्री सोडली. आत ओळीने, गवतात गुंडाळून, पांढरेशुभ्र कमोड बसले होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"बसायचीच सोय आहे बाई," एक हमाल म्हणाला. "झाकणंपण आहेत."

खात्रीशेठ मात्र हसायच्या अवस्थेत नव्हता. पिन बघितली, जबडा बघितला, फट बघितली. वर मान करून ट्रेलर कुठला आहे एवढंच बघितलं नव्हतं. आता गेट. आता खुर्ची. आता मेव्हण्याचा हॉर्न.

आणि मग त्याच्या डोक्यात दुसरा दिवा लागला. खुर्च्यांचा ट्रेलर त्याने वीतभर वर उचलून ठेवला होता. सुसाट काही बघणार नाही, तसाच घोडा खाली घालणार. एवढ्या उंचीवरची पिन जबड्यात बसतच नाही, त्याच्यावरून पुढे सरकून नुसती टेकते. सुसाट खट्टचीही वाट बघत नाही. म्हणजे खुर्च्यांनी भरलेला ट्रेलर नुसता टेकवून तो हमरस्त्याला लागला असणार.

त्याने फोन लावला. सुसाटने उचलला नाही. परत लावला. परत नाही. तेवढ्यात मॅनेजरचाच फोन आला.

"आहेस कुठे तू?"

"साहेब, सुसाटला थांबवा आधी. ट्रेलर सुटेल त्याचा."

"सुटला," मॅनेजर म्हणाला.

खात्रीशेठ मटकन फुटपाथवर बसला. "कुणाला लागलं?"

"कुणाला नाही. गेटमध्येच सुटला. तो पाय वर घ्यायलाच विसरला होता, म्हणून आपल्याच पायांवर उभा राहिला. आता गेटला बूच बसलंय. माझी कार आत, मी आत, उद्घाटनाला मालकांबरोबर मला जायचंय. ये लवकर."

खात्रीशेठच्या डोळ्यांत पाणीच आलं. मेव्हणा जिवंत होता, आणि तोही निष्काळजीपणामुळेच. धडपणे एकच चूक करून थांबला असता तर ट्रेलर नाकावर आपटला असता.

बाईंच्या अंगणात कमोड सोडून तो मोकळा घोडा घेऊन परतला. ट्रेलर खरंच गेटमध्ये अडकला होता, नाक रस्त्याकडे, शेपूट यार्डात. तुटलेले हवेचे पाइप लोंबत होते. रस्त्याच्या कडेला सुसाट आपल्या घोड्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता.

"दाजी, ताईला सांगू नका," तो म्हणाला.

"फोन का नाही उचललास?"

"तुम्हीच होतात म्हणून."

मॅनेजर ट्रेलरखालून रांगत बाहेर आला. पांढऱ्या शर्टावर पाठभर ग्रीस. खात्रीशेठने नवे पाइप लावले, ट्रेलर हवा तेवढा खाली घेतला आणि घोडा अलगद आत घातला. खट्ट. तो चढायला लागला तर मॅनेजरने त्याची बाही धरली.

"नीट बसलंय कशावरून?"

खात्रीशेठने त्याला खाली वाकवून दाखवलं. ही प्लेट, इथे फट नको. हा जबडा, पिनेच्या मागून मिटायला हवा. मॅनेजरने बॅटरी धरून सगळं दोनदा बघितलं.

"आता झटका दे."

दिला. ट्रेलर गच्च.

"आणखी एकदा दे."

"साहेब, उशीर होतोय," खात्रीशेठ म्हणाला.

खुर्च्या पोचल्या तेव्हा पाहुणे बाहेर गप्पा मारत उभे होते, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. शेवटची खुर्ची लागल्यावर मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापासून तू गाडी चालवायची नाहीस."

खात्रीशेठने गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"गेटवर बस. शिक्षा नाही रे, मान म्हणून. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तू तपासायचीस. तुझ्यासारखी नजर कुणाची आहे? गादीची खुर्ची देतो."

म्हणजे चुकलं तरी गेट, आणि जिंकलं तरी गेट. खात्रीशेठने इकडे तिकडे बघितलं. अंगणात कमोडचा ट्रेलर उभा होता.

"साहेब, सकाळी मी काय घेऊन आलो?"

"कमोड."

"आणायचं काय होतं?"

"खुर्च्या."

"आणि माझ्या नजरेवर तुम्ही सगळ्या गाड्या सोडणार?"

मॅनेजरने कमोडकडे बघितलं. "हे बरोबर आहे," तो म्हणाला. "तू गाडीच चालव."

एअर ब्रेक सुटावा तसा फुस्स करून खात्रीशेठचा श्वास सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माल भरून गेटपाशी आला आणि चांगला लांब हॉर्न वाजवला. वॉचमनच्या शेजारी नव्या गादीच्या खुर्चीतून सुसाट उठून धावत आला. हातात बॅटरी होती.

"बंद करा इंजिन, दाजी."

"अरे, मी आत तीनदा बघितलंय."

"मी नाही बघितलं."

तो गाडीखाली शिरला, बाहेर आला, मागे जाऊन नंबर बघितला, ताडपत्री उचलून मालही बघितला. मग पुन्हा गाडीखाली शिरला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"वाजवला का हॉर्न?"

"वाजवला."

"धावला का माझा भाऊ?"

"धावला," खात्रीशेठ म्हणाला. "पण गेट अजून उघडलं नाही."