दुभाषी घरूनच आणावी

मेंदूला मार लागलेल्या मुलाच्या घरच्यांना आधार दिलाच पाहिजे, याबद्दल शासनात दुमत नाही. तो कोणत्या भाषेत द्यायचा, एवढाच काय तो प्रश्न.

फ्रेस्नो शहराजवळच्या एका कुटुंब आधार कक्षाने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्यांना दुभाषा फुकट मिळतो. त्यासाठीचा अर्ज मात्र इंग्रजीत भरायचा (इंग्रजी येत नाही याची खात्री पटायला नको का?). गेल्या वर्षी असे चार अर्ज आले. चौघांनाही इंग्रजी उत्तम येत असल्याचे आढळल्याने ते फेटाळण्यात आले.

म्हणून पीचच्या पॅकिंग शेडमधून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेल्या ओफेलिया सारागोसाबाईंनी दुभाषी घरूनच आणली. अकरा वर्षांची लेक, इत्झेल. एप्रिलमध्ये मामाच्या पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यातून पडून डोकं आपटलं होतं ती हीच. तेव्हापासून पोरगी बूट फ्रिजमध्ये ठेवायची, आणि दुपार झाली की वर्गात डोकं धरून बसायची. शाळेत तिच्याजवळ एखादी मदतनीस बसावी आणि दुपारी तिला घरी सोडावं, एवढंच बाईंना हवं होतं. मागणी काही मोठी नव्हती, पण मांडायची होती इत्झेलनेच.

कक्षाच्या ऑल्डरिज मॅडम स्वभावाने अत्यंत मायाळू. त्यांनी आधी विचारलं, घरी मदतीला कोण कोण? इत्झेलने आजी, सहा मावश्या आणि डोक्यावरून अंडं उतरवून देणारी शेजारची चेलोकाकू मोजून दाखवली. मॅडमनी लिहिले : आधार मुबलक.

मग मात्र ओफेलियाबाईंना राहवेना. पोर अंथरूण ओलं करते, धाकट्या भावाचं नाव विसरते, काल रडत रडत विचारत होती की मी वेडी झाले का गं, सगळं सगळं त्यांनी सांगून टाकलं. इत्झेल मान खाली घालून इंग्रजीत दोन शब्द बोलली.

"अगं, मी इतकं बोलले आणि तुझं एवढ्यात आटपलं?"

"इंग्रजी छोटं असतं, आई."

मॅडम लिहीतच होत्या. सलग पन्नास मिनिटे लक्ष एकाग्र. दोन भाषांवर प्रभुत्व. भावनावश पालकास समर्थपणे सांभाळले (हा गुण मोठ्यांतही दुर्मीळ). सबब मदतनिसाची आवश्यकता नाही, प्रकरण बंद.

"काय म्हणतायत गं त्या?"

"अभिनंदन म्हणतायत. इथे सही कर."

बाईंनी सही केली, दोनदा आभारही मानले. बाहेर गाडीपाशी आल्यावर इत्झेल कठड्यावर बसली. चेहरा पांढराफटक.

"आई, आपण इथे कशाला आलोय?"

 ओफेलियाबाई उलट पावली दारापाशी गेल्या. दार उघडंच होतं, मॅडम समोरच होत्या, हसल्यासुद्धा. पण आता सांगायचं कुणी? दुभाषी बाहेर डोकं धरून बसलेली.

निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. तीस दिवसांच्या आत, समक्ष, इंग्रजीत.

आणि वाचकहो, ऑल्डरिज मॅडमना उगाच नावं ठेवू नका. पोरीच्या त्या ‘इंग्रजी छोटं असतं’ला तुम्हीही हसलात आणि मनात म्हणालात, भारीच चलाख आहे हो पोरगी. त्यांनीही तेवढंच लिहिलं.