सुमती भूशिराचा अर्ज

गेल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मरीन परेडमधल्या आमच्या ब्लॉकमधून अंटार्क्टिकातल्या एका भूशिराच्या नावाचा अर्ज ईमेलने रवाना झाला. अर्जदार सबनीस काका, माझ्या समोरच्या फ्लॅटमधले. टायपिंग माझं.

काका निवृत्त सर्वेक्षक. सिंगापूरच्या उकाड्यात ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला जातात तेही लोकरीची कानटोपी घालून. कोणी विचारलं तर म्हणतात, "सवय मोडायला कारण लागतं." हॉकर सेंटरच्या खाद्यस्टॉलांपाशी ठरलेलं टेबल, सकाळची कॉफी, चालण्याची वाट, सगळ्याला उत्तर हेच. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण बायकोला त्यांनी 'अगं' याखेरीज हाक मारलेली नाही.

काकू सांगतात, "पंगतीत नाव घ्या म्हणून सगळे मागे लागले. हे म्हणाले, भात गार होतोय."

तरुणपणी दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत काकांनी ते भूशिर पहिल्यांदा मोजलं आणि नकाशावर 'सुमती' असं नाव लिहिलं. ते काकूंचं नाव. काकूंना मात्र त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. आता जुने नकाशे तपासणाऱ्या समितीने खुलाशाचा अर्ज मागवला होता. शनिवारपर्यंत तो गेला नाही तर नाव पुसून तिथे क्रमांक येणार होता.

अक्षांश-रेखांश काकांनी तोंडपाठ सांगितले. 'कोणाच्या नावावरून' या रकान्यापाशी अडले.

"रिकामा सोडा."

"चालणार नाही, काका."

"मग लिहा, स्थानिक नाव."

"तिथे स्थानिक फक्त पेंग्विन आहेत."

चहाचं आधण ठेवून काकू बाहेर आल्या. वाकून त्यांनी स्क्रीन वाचला. "अहो, माझं नाव तिथे कसं?"

काका खिडकीकडे पाहत म्हणाले, "चौदा महिने होतो तिथे. रोज नाव घ्यायचो. ऐकायला कोणी नव्हतं."

"आणि इथे मी काय बहिरी आहे?"

काकांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"लिहा," ते मला म्हणाले. "सुमती सबनीस. पत्नी."

काकू आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. त्यात साखर घालायची राहिली होती. काकांनी तो पूर्ण संपवला.