विलायती खुनी आणि आमची सोयरीक

इंग्रजी पिक्चर आपल्याला कळत नाय, असं कोणी म्हणून तर बघा! उस्मानपुऱ्याच्या चौकात उभा राहून आख्खा पिक्चर मराठीत सांगीन. कोण कुणाचा कोण, सगळ्या नात्यागोत्यासकट!

वाळूजच्या नव्या कंपनीत मी नुकता लागलो होतो. मध्यस्थानं अजिंठ्याकडं एका घरी माझी तारीफ केलेली, "पोरगं विलायती साहेबाशी फाडफाड इंग्रजी बोलतं." बोलायचोच! "येस सर." फाडफाड!

पोरीचे आईबाप, सोनाजी आणि बानाबाई, घर बघायला येणार होते. मी भाड्यानं कलर टीव्ही आणि व्हीसीआर आणला. इंग्रजी पिक्चर लावायचा, भाषांतर करायचं, सोयरीक पक्की! व्हिडिओवाल्यानं कॅसेट फुंकून दिली, "भाई, बिलायती सस्पेन्स है. पुराना है, मगर कुर्सी पे से उठने का नै!"

पाहुण्यांचे पोहे संपेपर्यंत गल्लीत पोलिसांची जीप भोंग्यावर ओरडत आली. कर्फ्यू! नामांतराचे दिवस, शहर कधी बंद होईल त्याचा नेम नसायचा. शेजारचा फकिरा मोर्चातून पळत आला तो चपला हातात घेऊन आमच्याच घरात. तोही बसला.

पडद्यावर धुकं. काळा कोट घातलेला एक लंबूटांग्या. एक गोरी बाई, भलंमोठं घर.

"हा कोण?" सोनाजी.

"तिचा चुलतभाऊ. बांधावरून भांडण हाय त्यांचं."

"तिकडं बी?" सोनाजीला विलायत एकदम जवळची वाटली.

मग बाई एकटी जिन्यावर. दाराची मूठ हळूहळू फिरतेय... बानाबाईनं पदर तोंडात कोंबला. माझ्या आईच्या हातातला चहा तसाच थिजला. त्या मुठीला कुठं भाषांतर लागत होतं!

आणि लाईट गेली!

"अरं, खुनी कोण?" सोनाजी अंधारात ओरडला.

लाईट आली तेव्हा संध्याकाळ झालेली. पहिल्यापासून लावा, असा हुकूम झाला. लावला. आणि इथंच मी मेलो! लंबूटांग्या दिसताच मी म्हणालो, "हा तिचा मेव्हणा."

"मघाशी चुलतभाऊ होता."

"तिकडं... दोन्ही असतंय."

"आन बांध?"

"कसला बांध?"

सोनाजीनं माझ्याकडं असं बघितलं, की खाटकानं बी बोकडाकडं बघू नये. "पोरा, तुला इंग्रजी येतच नाय! सकाळी कर्फ्यूला सूट मिळाली की पहिल्या एसटीनं आम्ही चाललो!" पिक्चर जिन्यापर्यंत आला आणि लाईटनं त्याला साथ दिली. पुन्हा गेली. मूठ पुन्हा तिथंच!

सकाळी दोन तास सूट मिळाली. सोनाजीनं पिशवी उचलली. आईनं डोळ्याला पदर लावला. माझं लग्न उंबऱ्यातून बाहेर निघालं होतं. तेवढ्यात लाईट आली! फकिरानं गपकन बटण दाबलं आणि हाळी दिली, "मामा, खुनी बघून तर जा!"

सोनाजी पिशवीसकट उंबऱ्यातच वळला. "उभ्यानंच बघतो."

मूठ फिरली. दार उघडलं. बानाबाई किंचाळली! सूट कधी संपली, जीप कधी येऊन गेली, कोणाला पत्ता नाय. सोनाजीची पिशवी अजून खांद्याला, आणि शहर पुन्हा बंद.

शेवटी खुनी सापडला. घरचा म्हातारा डॉक्टर! आणि तो बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय, डोळ्यातून पाणी. मला त्यातलं 'येस' सुद्धा सापडेना!

"खून का केला म्हणतोय?" सोनाजीनं दरडावलं. "आता खरं सांग."

बानाबाई माझ्याकडं बघतेय. आई देवाकडं. मी घसा खाकरला.

"म्हणतोय... पोरगी देतो म्हणून घर बघून गेले, पोहे खाल्ले, आन ऐन टायमाला नाय म्हणले!"

फकिरा भिंतीकडं तोंड करून हलत होता. सोनाजीनं पडद्यावरचा म्हातारा बघितला, मग मला बघितलं, मग पिशवी हळूच खाली ठेवली.

"तारीख काढा," तो आईला म्हणाला.

तेव्हापासून सोनाजीची पोरगी आशा माझ्या घरात नांदतेय. आता आमचा कर्फ्यू गेला, व्हीसीआर गेला, पण पिक्चर तोच. दरवर्षी एकदा लावतो, आणि मूठ फिरली की आशा अजून माझा दंड धरते. त्यासाठीच लावतो, खरं सांगायचं तर!

यंदा मात्र नातवानं तो मोबाईलवर लावला. खाली मराठीत अक्षरं येत होती. डॉक्टर बोलायला लागला, आणि आशानं चष्मा पुसून वाचलं. त्याचं कुत्रं कोणीतरी विष घालून मारलेलं, म्हणून खून.

आशानं पिक्चर थांबवला. माझ्याकडं वळली.

"म्हंजे मी एका कुत्र्यापायी या घरात आले व्हय?"