पुढच्या सीटवरच्या विमलताई

आमच्या शेजारच्या विमलताई ऑटोत कधी मागे बसत नाहीत. मागची सीट अख्खी रिकामी असली तरी ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर टेकतात. ड्रायव्हर बिचारा ओशाळतो.

"मावशी, मांगं बसा न आरामात."

"तू समोर ध्यान दे. मले रस्ता दिसला पाह्यजे."

ताई मुंबईत एका विमान कंपनीच्या काउंटरवर होत्या. निवृत्त झाल्यावर यवतमाळला परतल्या, सवय तेवढी तिकडून आली. पूर्वी विमान भरलेलं असलं तर कंपनीच्या माणसाला कॉकपिटमध्ये, पायलटच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून जाता यायचं. ताई कितीदा तरी तशा नागपूरला आल्या. पायलटांना ठेचा-भाकर खाऊ घातली. विमान उतरताना आपणच ब्रेक दाबतोय असं समजून पाय रोवायच्या; दत्त चौकात ऑटो थांबतो तेव्हा अजून रोवतात.

मग सुरक्षा कडक झाली. कॉकपिटचं दार काउंटरवरच्या लोकांना बंद झालं. एकदा मी सहज म्हटलं, "हा तर अन्यायच झाला, ताई."

त्या म्हणाल्या, "माय केळापूरले सिरियस होती. नागपूरले संध्याकाळचं एकच विमान, तेही फुल. कॅप्टन माह्या वळखीचा, लेकरासारखा. मी म्हटलं, बापू, खुर्ची रिकामी हाय न? त्याच्या डोळ्यात पानी आलं. म्हने, ताई, आता नाही जमत."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी पोहोचली. तवरी माय गेलती."

"राग नाही आला त्याचा?"

"काहून येईन? एकासाठी दार उघडलं, तं उद्या कोनासाठीही उघडा लागते. मांगं एवढे लोक बसले होते. त्यायलेही माय असनच न."

ताई अजून तिथेच, त्या संध्याकाळीच होत्या.

"मी काचेपाशी उभी होती. विमान निघालं तं त्यानं खिडकीतून हात केला. मले रडू येऊन राह्यलं होतं. पन मीही हात केला, हासली. नाही तं तो तसंच जड मन घेऊन विमान चालवत गेला असता."