चार ग्रॅम जास्त

फ्रिजच्या दारावर तीन आठवडे एक तक्ता चिकटवलेला होता. उभ्या रकान्यांत सात स्टोव्ह, आडव्या ओळींत वजन, किंमत, चालणारी इंधनं, एक लिटर पाणी उकळायला लागणारा वेळ आणि सगळ्यांत खाली ‘बायकोचं मत’. ही शेवटची ओळ रिकामी होती. बायकोनं मत एकदाच दिलं होतं आणि ते कुठल्याच रकान्यात मावत नव्हतं.

“मला शिखरावर सकाळी उठल्या उठल्या चहा हवा,” ती म्हणाली होती. “वाफ निघणारा. तो मिळाला नाही, तर हा आपला शेवटचा डोंगर. पुढच्या वेळी तुम्ही आणि तुमचा तक्ता जा.”

तिचं काही चुकत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी याच शिखरावर त्यांचा गॅसचा डबा थंडीनं गारठला होता. ज्योत वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी झाली आणि मग तेवढीही राहिली नाही. दुधाची पावडर बर्फासारख्या पाण्यात कालवून दोघांनी सूर्योदय पाहिला. ती इस्पितळात नर्स होती, पेशंटसमोर कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशीही तिनं चढवला नाही. नुसती दोन दिवस बोलली नाही.

तिचा नवरा वजनमाप निरीक्षक होता. दुकानांतले काटे आणि पेट्रोलपंपांवरची मापं तपासायची, खोट दिसली की सील ठोकायचं, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता. घरी साखर आली तरी डब्यात जाण्याआधी काट्यावर जायची. स्वयंपाकघरातला तो काटा त्यानं कार्यालयातली प्रमाणित वजनं वापरून स्वतः तपासला होता. घरात त्या काट्याचा शब्द शेवटचा असे.

या वेळी एकाच इंधनावर विसंबायचं नाही, हे पक्कं होतं. गॅस, पेट्रोल, रॉकेल, जे हाताशी येईल त्यावर चालणारा स्टोव्ह हवा होता. असा सगळ्यांत हलका स्टोव्ह तक्त्यात पहिल्या क्रमांकावर होता. त्याची किंमत मेव्हण्यानं वाचली. मेव्हण्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं.

“भावोजी, एवढ्यात माझ्याकडे जुनी स्कूटर येते.”

“ती पाणी उकळते का?”

“चढावर दुसऱ्या गिअरला उकळते.”

पहिला क्रमांक खोडला गेला. दुसरा फक्त पेट्रोलवर चालत होता. तिसऱ्याचा पंप प्लास्टिकचा होता आणि तो पाहून मेव्हण्यानं खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता विचारला. असं करत करत पाचव्यावर बोट थांबलं. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण तिन्ही इंधनं चालत होती, पंप धातूचा होता आणि किमतीनं कुणालाही स्कूटर आठवली नाही. खोक्यावर लिहिलं होतं, ‘वजन पंपासह ४३० ग्रॅम’.

चाचणी बाल्कनीत झाली. बाटलीत रॉकेल भरायचं, पंपानं हवा दाबायची आणि किल्ली सोडायची. निरीक्षकानं पुस्तिका वाचली होती, पण नळी आधी तापवायची हे पुढच्या पानावर होतं. काळ्या धुराचा एक लोट उठला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीत शिरला.

“कोण मेलं जाळतंय?” वरून काकू.

“स्टोव्ह आहे, काकू. चाचणी चाललीय.”

“माझी चादर पास झाली की नापास?”

मेव्हण्यानं स्टोव्ह हातात घेतला, नळी तापवली आणि दोन मिनिटांत निळी ज्योत घुमायला लागली. एक लिटर पाणी पाच मिनिटं चाळीस सेकंदांत उकळलं. निरीक्षकानं तीनदा मोजलं. चादर बायकोनं धुऊन दिली. तक्त्यातल्या शेवटच्या ओळीत तिनं पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं, ‘बघू’.

इथं थांबायला हवं होतं. पण कुणाच्या पाठीवर किती ओझं हे ठरवायचं होतं, आणि एवढ्या नाजूक वाटणीला घरचा काटा पुरेसा बारीक नाही असं निरीक्षकाला वाटलं. निघायच्या दोन दिवस आधी तो स्टोव्ह खोक्यासकट कार्यालयात घेऊन गेला आणि जेवणाच्या सुटीत खोक्यातून काढून मोठ्या काट्यावर ठेवला.

“चारशे शहाऐंशी,” तो स्वतःशीच म्हणाला. “आणि खोक्यावर चारशे तीस. हे बरोबर नाही.”

मागच्या टेबलावर मॅडम डबा खात होत्या. मॅडम म्हणजे त्याच्या वरिष्ठ. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि या सात महिन्यांत एकही खोट सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

“काय बरोबर नाही?”

“काही नाही, मॅडम. माझा स्टोव्ह आहे. घरचा.”

“वेष्टनावर एक वजन आणि आत दुसरं, असं म्हणालात ना तुम्ही?”

“वापरलेला आहे. थोडी काजळी असेल.”

“छप्पन्न ग्रॅम काजळी?” मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. “निरीक्षकानं कार्यालयात, प्रमाणित काट्यावर, कामाच्या दिवशी फरक नोंदवला. याला तक्रार म्हणतात. तुम्हीच नवीन लोकांना शिकवता.”

तो खरंच शिकवत असे. पुढचं सगळं त्यानंच शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे झालं. वस्तूचे भाग मोजले गेले: स्टोव्ह, नळी, पंप, तीन नग. कुणी मधल्या काळात फेरफार करू नये म्हणून वस्तूचा हलणारा भाग तारेनं बांधायचा आणि पिशवीचं तोंडही बांधायचं, दोन्हीकडे शिशाचं सील दाबायचं, अशी तिथली रीत होती. मॅडमनी ते स्वतःच्या हातानं केलं. पावतीवर ‘तक्रारदार’ या शब्दापुढे निरीक्षकाची सही घेतली. पिशवी कपाटात गेली आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

“सुनावणी कधी?” त्यानं विचारलं.

“दुकानदाराला पंधरा दिवसांची मुदत असते. तुम्हाला माहीत आहे.”

संध्याकाळी ही बातमी घरी सांगताना त्यानं बायकोकडे न बघता फ्रिजकडे बघितलं.

“म्हणजे स्टोव्ह अटकेत आहे,” बायको म्हणाली.

“जप्त आहे. अटक माणसाला होते.”

“तीही व्हायला हरकत नाही.”

दुसऱ्या दिवशी निरीक्षक कार्यालय उघडायच्या आधी दारात हजर होता, हातात नियमांचं जाड पुस्तक. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं दुकानदाराची बाजू मांडली.

“मॅडम, नियम काय म्हणतो? लिहिलंय त्यापेक्षा कमी दिलं तर गुन्हा. इथं ग्राहकाला छप्पन्न ग्रॅम जास्त मिळालेत. ग्राहकाचं नुकसान नाही.”

“पण ग्राहकानंच तक्रार केली.”

“केली नाही. मी नुसता मोठ्यानं बोललो.”

मॅडमनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. “पाठीवर वाहून न्यायच्या वस्तूचं वजन जास्त निघणं, हे नुकसान नाही का?”

“ते वाहणारा बघून घेईल, मॅडम.”

त्यांनी पुस्तक मिटलं. दुपारी तक्रार निकाली निघाली. मॅडमनी पिशवीच्या तोंडाचं सील स्वतः कापलं. “तीन नग. मोजून घ्या.” त्यानं मोजले. स्टोव्ह एक, नळी एक, पंप एक. सही केली आणि बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळत गेला.

घरी त्यानं पिशवी बायकोच्या हातात दिली. सामान बांधायचं काम तिचं होतं, कारण वॉर्डातली ट्रॉली लावून लावून तिला कोपरान्कोपरा भरता येत असे. पिशवी सॅकमध्ये जाण्यापूर्वी त्यानं ती सवयीनं घरच्या काट्यावर ठेवली, रिकाम्या पिशवीचं पाठ असलेलं वजन वजा केलं आणि काट्यावर पुन्हा वाकला.

“चारशे नव्वद.”

“बरं.”

“काल चारशे शहाऐंशी होतं. चार ग्रॅम जास्त येतायत. हा काटा बिघडला.”

“चार ग्रॅम म्हणजे औषधाच्या पाच-सहा गोळ्या, अहो. जाऊ दे.”

“आज चार आहेत. साखर, डाळ, आटा, सगळं याच काट्यावर मोजलंय आपण. किती वर्षं चुकतोय कोण जाणे.”

तो आंघोळीला गेला तरी पुटपुटत होता. बायकोनं पिशवी उघडून आत बघितलं, मग परत बांधली आणि भावाला फोन लावला.

शनिवारी पहाटे मेव्हण्यानं गॅरेजच्या गाडीतून दोघांना डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. तिथल्या शेवटच्या दुकानातून बाटलीत रॉकेल भरून घेतलं. ती बाटली तक्त्याप्रमाणे निरीक्षकाच्या पाठीवर गेली. दिवसभराच्या चढणीत बायकोनं दोनदा वाट चुकताना त्याला थांबवलं आणि एकदा त्याच्या टाचेला पट्टी लावली. तो काट्याबद्दल बोलत होता. परत गेल्यावर तपासणी कशी करायची, प्रमाणित वजनं कधी आणायची, बिघाड सापडला तर मागच्या महिन्याच्या डाळीचं काय समजायचं. शिखरावरच्या सपाटीवर तंबू लावून, सोबतचे पराठे गारच खाऊन दोघं अंधार पडताच झोपली.

सकाळी तंबूच्या कापडावर आतून दव गोठलं होतं. निरीक्षक बाहेर आला, सपाट दगड शोधला, स्टोव्ह मांडला, बाटलीला पंप लावला आणि दांडा ओढला. दांडा हलला नाही. त्यानं हातमोजा काढून बघितलं. पंपाच्या कडीतून एक बारीक तार गेली होती आणि तारेच्या टोकाला शिशाची चपटी गोळी होती. गोळीवर कार्यालयाचा शिक्का होता.

तो शिक्क्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“अगं,” त्यानं तंबूकडे तोंड करून हाक मारली, “काटा बरोबर होता.”

“काय?”

“चार ग्रॅम. सील आहे. मॅडमनी पिशवीचं काढलं, पंपाचं राहिलं. आपला काटा एक ग्रॅमसुद्धा चुकलेला नाही.” दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा श्वास पोटापर्यंत गेला. डाळ बरोबर होती. साखर बरोबर होती.

“छान,” तंबूतून आवाज आला. “चहा?”

मग त्याला चहा आठवला. पंपाशिवाय बाटलीत दाब नाही, दाबाशिवाय रॉकेल नळीत चढत नाही. त्यानं तार बोटात धरली. एक झटका पुरला असता. पण सील फक्त ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, हे तो एकोणीस वर्षं दुकानादुकानांत उभं राहून सांगत आला होता. एका वाण्यानं चुकून तोडलं म्हणून त्यानं त्याला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

बायको झोपायची पिशवी अंगाभोवती गुंडाळून बाहेर आली आणि शेजारी बसली.

“तुटत नाही का?”

“तुटेल,” तो म्हणाला. “मला तोडता येत नाही.” त्यानं तार सोडली. “तू म्हणालीच होतीस. हा शेवटचा डोंगर. चूक माझीच आहे.”

तिनं झोपायच्या पिशवीच्या आत हात घातला आणि पोटाजवळून गॅसचा छोटा डबा बाहेर काढला. डबा तिच्या हातासारखाच कोमट होता.

“रात्रभर कुशीत होता,” ती म्हणाली. “थंडीत सलाइनची बाटली अशीच गरम ठेवतो आम्ही. तिन्ही इंधनं चालतात म्हणूनच घेतलाय ना स्टोव्ह?”

गॅसला पंप लागत नव्हता. डबा थेट नळीला बसला. रॉकेलसाठीचं बारीक भोक असल्यामुळे ज्योत जरा मंद होती, पण निळी होती आणि टिकली. दोन कप पाणी उकळायला किती वेळ लागला हे त्यानं मोजलं नाही. वाफ निघाली. तिनं कप दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि पहिला घोट घेतला. तो तिच्या चेहऱ्याकडे मोठ्या काट्याकडे बघावं तसा बघत राहिला.

“पास,” ती डोळे न उघडता म्हणाली.

अर्धा कप झाल्यावर त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला. “हा डबा तू कधी घेतलास?”

“शुक्रवारी. भावाला आणायला सांगितला. सामान भरताना तार दिसली मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही मॅडमच्या घरी गेला असता. मॅडम सोमवारी या म्हणाल्या असत्या.”

“आणि हे रॉकेल? पाऊण लिटर पाठीवर वाहिलं मी.”

“तुमच्या तक्त्यात होतं ते. मी तक्त्याला हात लावत नाही.”

तो हसला. मग रिकामा कप पुसायला कापूस घ्यावा म्हणून तिनं प्रथमोपचाराची पेटी उघडली, आणि आत पट्ट्यांच्या वर वॉर्डातली ती आखूड, जाड कात्री दिसली. पायाचं प्लास्टर कापणारी. त्या कात्रीनं तारेला विचारलंही नसतं, एका दाबात कापून टाकली असती.

“ही होती तुझ्याकडे?”

“नेहमीच असते.”

“मग तार कापून टाकायचीस ना. मी झोपलेलो असताना. मला कळलं असतं की नाही कोण जाणे.”

“काट्यावर कळलं असतं,” ती म्हणाली. “चार ग्रॅम कमी आले म्हणून परत दोन दिवस काट्याबद्दलच बोलत राहिला असता तुम्ही.” तिनं झाकण लावलं आणि कप परत पुढे केला. “अजून थोडा ओता. आणि पुढच्या वर्षी जरा उंच डोंगर बघा.”